चौदा रात्री अटलांटिकवर: लांबच्या क्रूझचा घरगुती हिशेब

क्रूझच्या जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला आकडा माणशी असतो आणि दोघं एकाच केबिनमध्ये राहणार असं धरलेला असतो. त्यात केबिन, मुख्य डायनिंग रूम आणि बुफेतलं जेवण, रात्रीचे कार्यक्रम आणि जहाजाचा प्रवास एवढं येतं. बाकीचं सगळं वेगळं. तीन-चार रात्रींच्या सहलीत हे 'बाकीचं' फारसं जाणवत नाही. चौदा रात्रींत मात्र रोजचा छोटा आकडा आधी चौदाने आणि मग दोनाने गुणला जातो आणि बिल बघून माणूस हबकतो. म्हणून लांबच्या क्रूझचा विचार करताना कागदावर पहिल्यांदा रात्रींची संख्या लिहावी आणि प्रत्येक खर्च तिच्याशी गुणत जावा. एजंट हा गुणाकार करून देत नाही, तो आपणच करायचा असतो.

उदाहरणासाठी मी बार्सिलोना ते फ्लोरिडा हा प्रवास घेते. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणारी मोठी जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅरिबियनच्या हंगामासाठी अटलांटिक ओलांडतात आणि एप्रिल-मेच्या सुमारास परत येतात. जहाज न्यायचंच असतं, मग प्रवासी घेऊन नेलेलं बरं, म्हणून या फेऱ्यांचं रात्रीमागचं भाडं एरवीच्या आठवडाभराच्या क्रूझपेक्षा बरंच कमी असतं. यांना रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, हातात दहा वर्षांचा अमेरिकी व्हिसा, दर वर्षा-दोन वर्षांनी तिकडे फेरी, असं आपल्याकडे अनेक निवृत्त जोडप्यांचं असतं. त्यांच्यासाठी जाताना विमानाऐवजी जहाज हा खरोखरच विचार करण्याजोगा पर्याय आहे. सोयीसाठी डॉलर ९० रुपये आणि युरो १०५ रुपये धरला आहे. तुम्ही वाचाल तेव्हाचा दर घालून हिशेब पुन्हा मांडा.

जहाजाचं बिल

समजा, खिडकी नसलेल्या आतल्या केबिनचं भाडं माणशी ९०० डॉलर आहे. दोघांचे १,८०० डॉलर, म्हणजे १ लाख ६२ हजार रुपये. बंदरांचे कर आणि शुल्क बहुतेक वेळा बुकिंगच्या शेवटच्या पानावर दिसतं. ते माणशी दीडशे डॉलर धरलं तर आणखी २७ हजार.

मग येते ग्रॅच्युइटी, म्हणजे केबिन आवरणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी रोज आपोआप आकारली जाणारी रक्कम. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर साध्या केबिनला ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर असते. १८ धरले तर दोघांचे चौदा रात्रींचे ५०४ डॉलर, म्हणजे ४५ हजार रुपयांच्या वर. काही कंपन्या ती भाड्यातच धरतात, तेव्हा दोन कंपन्यांच्या भाड्याची तुलना करण्याआधी हे विचारून घ्यावं. बऱ्याच जहाजांवर काउंटरवर सांगून ही रक्कम काढून टाकता येते आणि 'पैसे वाचवायची युक्ती' म्हणून तसा सल्ला देणारेही भेटतात. तो मानू नये. या लोकांच्या कमाईचा मोठा भाग यातूनच येतो. घरापासून सलग सहा-आठ महिने दूर राहून, आठवड्याची सुट्टी न घेता ते काम करतात. गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवरच्या नोकरीने पेटती ठेवली आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर आचारी आणि वाढपी म्हणून गोवेकर असत आणि बोट लागेपर्यंत मुंबईत धोबीतलावच्या आसपासच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या सामायिक मुक्कामाच्या खोल्यांमध्ये राहत. आजही तुमची केबिन आवरणारा माणूस गोव्यातल्या सालसेतचा निघू शकतो. ४५ हजार आधीच बाजूला काढून ठेवा आणि तो विषय डोक्यातून काढून टाका.

इंटरनेट एका उपकरणासाठी रोज १५ ते ३० डॉलरच्या दरम्यान पडतं. वीस धरून २८० डॉलर, म्हणजे २५ हजार. उपग्रहाचं नवं तंत्रज्ञान आल्यापासून भर समुद्रातही व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ कॉल बऱ्यापैकी चालतो. निघण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर घेतलं तर ते सहसा स्वस्त पडतं. एकच पॅकेज घेऊन दोघांनी आळीपाळीने लॉग-इन केलं तरी बहुतेक जहाजांवर चालतं. दिवसाच्या कार्यक्रमांची माहिती देणारं जहाजाचं अ‍ॅप मात्र जहाजाच्या वाय-फायवर पैसे न भरता उघडतं. इथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळायची. जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि मग फक्त वाय-फाय चालू करायचं. नाहीतर फोन जहाजाच्या सॅटेलाइट मोबाइल नेटवर्कला आपोआप जोडला जातो. आपला नेहमीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक त्याला सहसा लागू नसतो आणि काही मिनिटांचं बिल हजारांत जाऊ शकतं. समुद्रात बँकेचा ओटीपी मिळण्याची खात्री नसते, म्हणून विजेचं बिल, विम्याचा हप्ता, सोसायटीची वर्गणी सगळं आधी भरून निघावं.

कपडे धुणं चौदा दिवसांत टळत नाही. क्युनार्डच्या जहाजांवर प्रवाशांसाठी फुकट लाँड्री रूम आहेत, प्रिन्सेसवर मशीनमागे काही डॉलर पडतात आणि रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर स्वतः धुण्याची सोयच नाही. तिथे अधूनमधून 'पिशवीभर कपडे अमुक डॉलरांत' अशी सवलत येते, तिची वाट बघावी. दोन पिशव्यांचे ६० डॉलर धरा. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायची कॉइल यांपैकी काहीही बॅगेत घालू नये. आगीच्या भीतीमुळे ही उपकरणं जहाजावर चालत नाहीत आणि तपासणीत काढून घेतली जातात.

बंदरांवरच्या खर्चाबद्दल पुढे सांगते, तूर्त दोघांचे मिळून ३५० डॉलर लिहून ठेवा. आता बेरीज २ लाख ९६ हजारांवर गेली. भाडं होतं १ लाख ६२ हजार. आणि अजून कोणी एक थंड पेयही विकत घेतलेलं नाही.

समुद्रातला दिवस

या प्रवासात पाच-सहा बंदरं पहिल्या आठवड्यातच होऊन जातात. कॅनरी बेटं किंवा मदीरा मागे पडलं की सलग सहा-सात दिवस फक्त पाणी. हे दिवस कसे जातात यावरच लांबची क्रूझ तुम्हाला मानवणार की नाही हे ठरतं, आणि बिनकामाचे पैसेही सगळ्यात जास्त याच दिवसांत जातात.

पश्चिमेकडे जाताना दर एक-दोन रात्रींनी घड्याळ तासभर मागे होतं. म्हणजे दिवस पंचवीस तासांचा होतो, झोप पुरी होते आणि अमेरिकेत उतरताना जेट लॅग जवळजवळ नसतो. उलट दिशेने दर वेळी एक तास कमी होतो, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शरद ऋतूतली पश्चिमेकडची फेरीच घ्यावी. इन्सुलिन किंवा वेळेवर घ्यायच्या गोळ्या असतील तर या बदलत्या तासांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावं.

सकाळी उठून बुफेत चहा घ्यायचा आणि प्रोमेनाड डेकवर फेऱ्या मारायच्या. बसायला आरामखुर्च्या, समोर निव्वळ क्षितिज, आणि हे सगळं भाड्यात आहे. नाश्त्यानंतर व्याख्यान असतं. लांबच्या फेऱ्यांवर इतिहास, खगोल, समुद्रविज्ञान अशा विषयांचे पाहुणे वक्ते बोलावलेले असतात आणि माझ्या मते हीच या प्रवासातली सगळ्यात मोलाची फुकट गोष्ट. मग प्रश्नमंजुषेचे गट जमतात, तीच माणसं रोज भेटत राहतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ओळखी होतात. पत्त्यांची टेबलं, नृत्याचे धडे, वाचनालय, जिम, पोहण्याचा तलाव, दुपारचा केक-सँडविचचा चहा, रात्री थिएटरमधला कार्यक्रम, यांतल्या कशालाच वेगळे पैसे पडत नाहीत. ज्याला वाचायची, चालायची, गप्पा मारायची आवड आहे त्याचा समुद्रातला अख्खा दिवस एक पैसा न खर्चता आनंदात जातो.

पैसे जातात ते या कार्यक्रमांच्या अधल्यामधल्या वेळात. जिम फुकट असते पण तिथल्या योगवर्गाला बहुधा शुल्क असतं. स्पामध्ये मसाजला शंभर-दीडशे डॉलर आणि वर सेवाशुल्क. बिंगोची तिकिटं, कॅसिनो, जेवताना काढलेला फोटो (एकेक प्रत वीस डॉलरांच्या घरात), चित्रांचे लिलाव. लिलावातली चित्रं 'गुंतवणूक' म्हणून घेऊच नयेत. भर समुद्रात दुसरीकडे भाव विचारायची सोय नसते. दुकानातली घड्याळं आणि सोन्याच्या साखळ्यांनाही हेच लागू.

पेयांच्या पॅकेजबद्दल स्पष्ट सांगते. मद्यासकटचं पॅकेज बऱ्याच जहाजांवर माणशी रोज ७० ते १०० डॉलर पडतं, त्यावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क असतं आणि एकाने घेतलं तर केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. दोघांचं चौदा दिवसांचं हे बिल केबिनच्या भाड्याहून जास्त होतं. संध्याकाळी एखादा पेग घेणाऱ्याने ते घेऊ नये, सुटी खरेदी स्वस्त पडते. न पिणाऱ्यांना तर काहीच लागत नाही. पाणी, साधा चहा, साधी कॉफी, सकाळचा ज्यूस भाड्यात असतो. जहाजावरचं नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रिकामी बाटली बरोबर न्या आणि बुफेत भरून घ्या.

शाकाहारी जेवणाची चिंता पूर्वीइतकी राहिलेली नाही. मुख्य डायनिंग रूममध्ये रोज शाकाहारी पदार्थ असतात आणि मोठ्या जहाजांवर हेड वेटरला आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी डाळ-भात-भाजी करून देतात, कारण स्वयंपाकघरात भारतीय हात असतातच. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच लेखी कळवावं आणि जहाजावर चढल्या दिवशी पुन्हा विचारून खात्री करून घ्यावी. पाकीटबंद चिवडा, खाकरा आणि गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा नेता येतात. बुफेत गरम पाणी बहुधा कधीही मिळतं. मात्र अमेरिकेत उतरताना खाण्याच्या वस्तू जाहीर कराव्या लागतात. बुफेतलं एखादं सफरचंद पर्समध्ये राहिलं तरी दंड होऊ शकतो. वेगळे पैसे घेणारी स्पेशालिटी रेस्टॉरंट्स माणशी ३० ते ६० डॉलर घेतात. लग्नाचा वाढदिवस असेल तर एकदा जा, रोज जाण्यात अर्थ नाही.

फॉर्मल नाइट पंधरवड्यात दोन-तीन असतात. सूट शिवायची किंवा भाड्याने घ्यायची गरज नाही. पैठणी, साधी रेशमी साडी, जोधपुरी किंवा बंद गळ्याचा कोट तिथे पूर्ण शोभतो.

केबिन: इथे पैसे घाला

एका ठिकाणी मात्र हात आखडू नका असं मी सांगेन. चौदा दिवसांतला निम्मा काळ जमीन दिसत नाही. दोघंही दिवसभर बाहेर वावरणारे असतील तर आतली केबिन चालते. पण एकाचे गुडघे दुखतात, दुपारी आडवं व्हावं लागतं, असं असेल तर निदान खिडकीची केबिन घ्यावी. बिनखिडकीच्या खोलीत दिवस-रात्र कळत नाही. बाल्कनीचा फरक माणशी रोज ३० डॉलर धरला तर दोघांचे ७५ हजार होतात. पेयांच्या पॅकेजच्या निम्म्यापेक्षाही कमी पैशांत हा आराम मिळतो. स्वस्तातली 'गॅरंटी' केबिन घेतली की जागा कंपनी ठरवते. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी थोडे जास्त देऊन जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवरची केबिन निवडावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून इथूनच न्यावी.

आपल्याला समुद्र मानवतो का हेच माहीत नसेल तर आधी कॉर्डेलियाच्या जहाजाने मुंबई-गोवा अशी दोन-तीन रात्रींची फेरी करून बघा. लाखो रुपये घालवून कळण्यापेक्षा हे बरं. एकट्याने जाणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी दोघांचं पूर्ण भाडं भरावं लागतं. ग्रॅच्युइटी तेवढी एकाची पडते.

बंदरं

जहाज कंपनीच्या सहली माणशी ६० ते २०० डॉलरपर्यंत असतात. त्यांचा एक खरा फायदा आहे, बस उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही, आणि मग पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला. माझा नियम साधा आहे. बंदर शहराला लागून असेल तर स्वतः फिरावं, शहर लांब असेल आणि आपल्याला घाई सोसत नसेल तर सहल घ्यावी. कादीझचं जुनं शहर गँगवेवरून उतरलं की समोरच आहे. मदीराच्या फुंशालमध्ये किनाऱ्याने चालत जाऊन केबल कारने माँतेला चढता येतं. रोमसाठीचं बंदर चिवितावेक्या मात्र रोमपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. लोकल गाडी काही युरोंत नेते, जहाजाची बस त्याच्या कित्येक पट घेते. पाय चांगले असतील तर रेल्वे घ्या, पण जहाज सुटण्याआधी दोन तास बंदरात परत असाल अशी गाडी धरा.

जहाजाबाहेरचा खर्च

शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० युरो आहे, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. दोघांचे २२ हजार धरा. कॅनरी बेटं, मदीरा आणि अझोर्स शेंगेनमध्येच येतात. पण मार्गात मोरोक्कोचं बंदर असेल आणि त्यानंतर पुन्हा स्पेन किंवा पोर्तुगाल असेल तर मल्टिपल एंट्री व्हिसा लागतो. मोरोक्कोच्या व्हिसाचंही कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं. अमेरिकी व्हिसा आधीच हातात असेल तरच ही क्रूझ बुक करावी. मुंबईत मुलाखतीची तारीख कधी मिळेल यावर अनामत रक्कम पणाला लावू नये. कागद अपुरे असतील तर धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि भाडं बुडतं.

विमान: मुंबई-बार्सिलोना एकेरी माणशी ४५ हजार, अमेरिकेतून परत ६५ हजार, मिळून २ लाख २० हजार. अमेरिकेला जाणारच होतात तर यातला बराच भाग एरवीही खर्च झाला असता. बार्सिलोनात एक दिवस आधी नव्हे, दोन दिवस आधी पोचा. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. दोन रात्रींच्या हॉटेलचे २८ हजार.

विम्याकडे नीट बघा. जहाजावर डॉक्टर असतो, पण नुसत्या तपासणीचेच शंभर-दोनशे डॉलर होतात, सलाइन किंवा एक्स-रे लागला तर बिल झपाट्याने चढतं. ते तिथेच कार्डावर भरायचं आणि परत आल्यावर दावा करायचा. भर अटलांटिकमध्ये हेलिकॉप्टर पोचू शकत नाही. जहाजाला रुग्णाला घेऊन अझोर्ससारख्या बेटाकडे वळावं लागतं आणि तिथून मायदेशी आणण्याचा खर्च लाखांत जातो. म्हणून पॉलिसीत युरोप आणि अमेरिका दोन्ही हवेत, संरक्षण किमान एक लाख डॉलरचं हवं, तातडीने हलवण्याचा खर्च आणि क्रूझ प्रवास यांचा स्पष्ट उल्लेख हवा. रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी लपवू नका. साठीपुढच्या जोडप्याला २० हजार धरा, आजार असतील तर जास्त. त्याखेरीज हाताशी ३० हजार.

हे सगळं धरून ६ लाख १६ हजारांच्या आसपास आकडा येतो. जाहिरातीतलं भाडं त्याच्या जेमतेम पावपट आहे.

शंभर-सव्वाशे दिवसांच्या जगप्रदक्षिणेला हाच गुणाकार लावून बघा. नुसती ग्रॅच्युइटीच दोघांची साडेतीन-चार लाखांवर जाते, शेंगेनची १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा सांभाळावी लागते, औषधं चार महिन्यांची न्यावी लागतात. या प्रवासाचे टप्पे मात्र सुटे विकले जातात. युरोप-अमेरिकेतून निघालेली अशी काही जहाजं मुंबई, मुरगाव, कोचीला थांबतात, तेव्हा आखातातून आग्नेय आशियापर्यंतचा एखादा टप्पा घेणं आपल्याला जास्त सोयीचं आहे.

पैसे कसे भरायचे

जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या खात्यावर चढतं. खात्याला क्रेडिट कार्ड जोडावं. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड जोडलं तर कंपनी रोज अंदाजे रक्कम अडकवून ठेवते आणि ती सुटायला उतरल्यावरही काही दिवस लागू शकतात. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करा. बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के परकीय चलन शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. 'रुपयांत आकारू का?' असं मशीनने विचारलं तर नाही म्हणा, तो दर महाग असतो.

बुकिंग भारतातल्या एजंटाकडून केलं तर पॅकेजवर जीएसटी लागतो आणि टीसीएस कापला जातो. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारा. तो खर्च नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो, पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच परत मिळतो. तेव्हा पैसे मुलगा भरणार आणि विवरणपत्र वडील भरणार असं असेल तर पावती कोणाच्या नावे करायची हे आधी ठरवा.

खात्यावरचा हिशेब अ‍ॅपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर रोज बघता येतो, तो दर दोन दिवसांनी बघावा. न घेतलेली कॉफी, दोनदा चढलेली सहल अशा चुका आढळल्या तर त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला दाखवाव्यात. शेवटच्या रात्री तिथे लांब रांग असते, सकाळी उतरायची घाई असते आणि एकदा जहाज सोडलं की दुरुस्तीसाठी महिनाभर ई-मेल पाठवत बसावं लागतं.